शरीरातील घड्याळाचा घरगुती हिशेब

पेडण्यात रात्रभर दशावतार पाहून आलेला माणूस सकाळी अंथरुणावर पडतो, पण दुपारच्या आतच जागा होतो. अंग दमलेले असते, तरी आतून कोणीतरी उठवत राहते. शास्त्रज्ञ त्याला जैविक घड्याळ म्हणतात.

त्याचा पहिला पुरावा लाजाळूने दिला. १७२९ साली फ्रान्समधील द मेरां यांनी हे झाड अंधारात ठेवले. तरी पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. कन्नडमध्ये लाजाळूला 'मुट्टिदरे मुनि', म्हणजे शिवले तर रुसणारी, असे म्हणतात. पण रात्री ती न शिवताच मिटते. पुढे १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत अशॉफ व वेव्हर यांनी माणसांना घड्याळ व सूर्यप्रकाश नसलेल्या कक्षात ठेवले. तिथेही झोपेचे चक्र चालूच राहिले. फक्त दिवस २४ तासांहून थोडा लांबला. मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनीही असे प्रयोग केले.

प्रयोगशाळेत मंद उजेडात दर थोड्या वेळाने लाळ घेऊन त्यातील मेलाटोनिन मोजतात. घरी ते जमत नाही. थर्मामीटर घ्यावा, तर शरीराचे तापमान साधारणतः उठण्याच्या दोनेक तास आधी सर्वांत कमी असते, म्हणजे मोजण्यासाठी झोपच मोडावी लागते. शिवाय चहा, जेवण, चालणे यांनी आकडा बदलतो.

सोपा मार्ग वहीचा. झोप लागल्याची व जाग आल्याची वेळ दोन-तीन आठवडे लिहावी. सुट्टीच्या दिवशी गजर लावू नये. मग झोपेचा मध्य काढावा. माझी नोंद अशी: कॉलेजचे पाच दिवस ११.३० ते ५.३०, मध्य २.३०, सुट्टीचे दोन दिवस १ ते ९, मध्य ५. फरक अडीच तासांचा! मात्र सुट्टीच्या झोपेत आठवड्याची थकबाकीही असते. आठवड्याची सरासरी ६ तास ३४ मिनिटे. सुट्टीची झोप त्याहून १ तास २६ मिनिटे जास्त. त्याचे निम्मे, ४३ मिनिटे, वजा केले की खरा मध्य ४.१७ येतो. पहाटेच्या बसमध्ये मी पेंगतो तो निव्वळ आळस नव्हे, हे वडिलांना वहीच दाखवली तेव्हा पटले.

पण हा हिशेब माझ्या भावाला लागू पडत नाही. तो डिचोलीकडे एका कारखान्यात आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. घड्याळ मात्र दिवसाला फार तर तासाभराने सरकते. ते नवीन वेळेला पोचण्याआधीच पाळी फिरते. एका पहाटे घरी येताना त्याला स्कूटरवर डुलकी लागली. गाडी गटारात गेली. तो थोडक्यात बचावला. तोवर रात्रपाळीनंतर त्याला दिवसा झोप लागत नाही, याची आम्ही थट्टाच करीत होतो.

आता रात्रपाळीच्या आठवड्यात तो बसने येतो, खोलीच्या खिडकीला आईचे जाड लुगडे बांधतो आणि दुपारपर्यंत घरात कोणी रेडिओ लावत नाही. ज्यांच्या घरी रात्रपाळी आहे, त्यांनी एवढे तरी करावे.