टिकलीला भिडलेले जंतू

रुग्ण दाखल होताना अंगात नसलेला आणि साधारण 48 तासांनंतर डोके वर काढणारा संसर्ग रुग्णालयातून लागलेला मानतात. लघवीची नळी, शिरेत घातलेली सलाईनची नळी, व्हेंटिलेटरची घशातली नळी आणि शस्त्रक्रियेची जखम या त्याच्या मुख्य वाटा. क्लेब्सिएला, ई. कोलाय, स्यूडोमोनास आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू त्यात वारंवार सापडतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर, कोरड्यातही कित्येक दिवस तग धरतो. पुढच्या खाटेपर्यंत तो बहुतेकदा माणसाच्या हातानेच पोचतो.

कोणते औषध लागू पडेल हे कल्चरच्या तपासणीत कळते. थाळीवर जंतू पसरून त्यावर औषध शोषलेल्या छोट्या कागदी टिकल्या ठेवतात आणि थाळी रात्रभर उबेत राहते. औषध लागू असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो. निकामी असेल तर जंतूंची साय थेट टिकलीच्या कडेला येऊन भिडते. नमुना देण्यापासून अहवाल हाती येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. तोवर डॉक्टरांना अंदाजानेच औषध द्यावे लागते, आणि अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत हा अंदाज चुकणे जिवावर बेतते.

मुंबईत हा धोका किती जवळ आला आहे, हे माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने 2009 मध्येच दाखवून दिले. कार्बापेनेम ही गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेली औषधे. त्यांना दाद न देणारे 24 जंतू तिथे तीन महिन्यांत तपासले गेले आणि त्यांतल्या 22 मध्ये ही औषधे निकामी करणारे एनडीएम-1 हे जनुक निघाले. मार्च 2010 मध्ये हा अभ्यास छापून आला. हे जनुक प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यावर असते आणि ते कडे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकते. म्हणूनच त्या 22 मध्ये क्लेब्सिएलाही होते आणि ई. कोलायही. जनुकाला नवी दिल्लीचे नाव दिल्यावरून देशात मोठा वाद झाला, पण खरी चिंतेची बाब नाव नव्हती, ते 22 जंतू होते. त्या काळी अशा वेळी हाती उरे ते मुख्यतः कोलिस्टिन, मूत्रपिंडांना इजा करते म्हणून एकेकाळी बाजूला ठेवलेले जुने औषध.

विरार पूर्वेच्या चंदनसारसारख्या भागातला रुग्ण आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल होतो आणि प्रकृती बिघडली की त्याला मुंबईकडे हलवतात. पहिल्या ठिकाणी लागलेला जंतू आजाराचे एकही लक्षण न दाखवता आतड्यात ठाण मांडतो आणि रुग्णासोबत पुढच्या अतिदक्षता विभागात शिरतो. त्यामुळे आधी कोणती अँटिबायोटिक किती दिवस दिली, कल्चरमध्ये काय आले, हे लिहिलेला कागद रुग्णाबरोबर जाणे फार महत्त्वाचे असते. घाईत नेमका तोच मागे राहतो.

औषधविक्रीच्या नियमांतल्या, 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या ‘एच-1’ अनुसूचीनुसार कार्बापेनेम आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीतली सेफलोस्पोरिन गटाची अँटिबायोटिक विकताना औषध दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव नोंदवावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. वॉर्डातला उपाय याहून साधा आहे. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर अल्कोहोलयुक्त द्रव 20 ते 30 सेकंद हातांवर चोळायचा, आणि लावलेली प्रत्येक नळी अजून हवी आहे का, हे रोज सकाळी तपासून नको असलेली त्याच दिवशी काढायची.