काडतुसं, तणनाशक आणि तित्तिर

लॉर्ड रिपन म्हटलं की आपल्याला स्थानिक स्वराज्याचा 1882चा ठराव आठवतो. त्यांच्या चिरंजीवांची कीर्ती निराळी होती. हे दुसरे मार्क्विस ऑफ रिपन म्हणजे त्या काळच्या इंग्लंडातले नामांकित नेमबाज. 1867 ते 1923 या काळात त्यांनी टिपलेल्या जिवांचा हिशेब साडेपाच लाखांच्या वर जातो. त्यात 11 वाघ आणि 2 गेंडे आहेत, पण खरा भरणा पक्ष्यांचा. नुसते तित्तिरच सुमारे 1 लाख 24 हजार. 1923च्या सप्टेंबरात यॉर्कशायरच्या माळावर ग्राउस पक्ष्यांची शिकार चालू असतानाच ते कोसळले. त्या सकाळीही त्यांच्या नावावर 52 पक्षी जमा झाले होते.

माणूस भयंकर, पण शिकारीच्या हिशेबाची वही चोख. इंग्लंडातल्या जहागिऱ्यांवर अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या गेल्या. कोणत्या दिवशी, कोणत्या शिवारात, किती बंदुका आणि कुठला पक्षी किती, असा सगळा तपशील त्यांत असे. 1961पासून त्यांतले आकडे एकत्र करण्याचं काम पद्धतशीरपणे सुरू झालं आणि जुन्या वह्यांमुळे ही मालिका 1900पर्यंत मागे नेता आली. पक्ष्यांचा इतका लांब पल्ल्याचा हिशेब जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि तो मारणाऱ्यांनी ठेवला आहे. पक्षी बघत हिंडणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला जड जातं.

या वह्यांतली सगळ्यांत बोलकी कहाणी करड्या तित्तिराची. आपल्या माळावरच्या तित्तिराचा हा लांबचा नातेवाईक. धान्याच्या शेतांत आणि बांधांच्या कुंपणांत राहणारा. 1870 ते 1930 या काळात ब्रिटनमध्ये दर वर्षी 20 लाखांपर्यंत करडे तित्तिर मारले जात, तरी पुढच्या हंगामात शेतं पुन्हा भरलेली. मादी एका वेळी पंधराच्या आसपास अंडी घालते आणि जहागिरीचे राखणदार कोल्ह्या-कावळ्यांना घरट्यांजवळ फिरकू देत नसत. मग दुसऱ्या महायुद्धानंतर आकडा घसरायला लागला आणि सावरलाच नाही. 1967नंतर तिथली संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. आज 40 हजार जोड्याही उरलेल्या नाहीत.

मारून मारून संपवले, असं कुणीही म्हणेल. पण सर्वांत जास्त मारले तेव्हा तर पक्षी टिकून होते!

गंमत अशी, की या पक्ष्याची पहिली काळजी काडतुसं विकणाऱ्यांना वाटली. पक्षी नाहीत तर बार कशावर उडवणार? ईली या काडतुसांच्या कंपनीतल्या मेजर ईली यांच्या पुढाकाराने 1930च्या दशकाच्या आरंभी शिकारीच्या पक्ष्यांवर संशोधन सुरू झालं. ईली कंपनी तोवर ‘आयसीआय’ या रासायनिक उद्योगसमूहात सामील झाली होती. याच आयसीआयच्या शास्त्रज्ञांनी 1940च्या दशकात एमसीपीए हे तणनाशक शोधलं. गहू-बार्लीला धक्का न लावता रुंद पानांचं तण तेवढं मारणारं. शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. तित्तिराचा अभ्यास आणि तित्तिराचं संकट, दोन्ही एकाच घराण्यात वाढत होतं.

तणनाशक आणि तित्तिराची घट यांचा संबंध उलगडला डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने. 1968मध्ये त्यांनी ससेक्समधल्या साउथ डाउन्स टेकड्यांवर अभ्यास सुरू केला आणि तो आजवर चालू आहे. सुगीनंतर तित्तिरांचे थवे मोजायचे, त्यांत मोठे किती आणि पिल्लं किती ते पाहायचं. जूनमध्ये धान्याच्या शेतांतले किडे यंत्राने खेचून घ्यायचे आणि जात लावून मोजायचे. काम कंटाळवाणं, पण हाती लागलं ते लखलखीत. मोठा तित्तिर दाणे आणि कोवळी पानं खाऊन जगतो. पिल्लाला मात्र पहिले दोन आठवडे किडेच लागतात. करवतमाशीच्या अळ्या, पानांवरचे ढेकूण आणि भुंगेरे हे त्याचं खाणं. हे किडे राहतात तणावर. तण गेलं की किडे गेले, आणि पिल्लं उपासमारीने किंवा गारठ्याने मरू लागली. पूर्वी जवळपास निम्मी पिल्लं जगत. तणनाशकांनंतर हे प्रमाण तिसऱ्या हिश्शावर आलं. पक्ष्याला विष घातलंच नव्हतं, त्याच्या पिल्लांचं ताट उचललं होतं.

अर्थात कारण एवढं एकच नाही. कुंपणं उखडल्यामुळे घरट्यांची जागा गेली. राखणदार कमी झाल्यावर अंड्यांवर डल्ला मारणारे वाढले. सॅलिसबरीच्या पठारावर 1985 ते 1990 या काळात शेजारशेजारच्या दोन क्षेत्रांत आळीपाळीने भक्षकांचा बंदोबस्त करून पाहिला. जिथे बंदोबस्त होता तिथे तीन वर्षांत वीण करणाऱ्या तित्तिरांची संख्या अडीच पटीवर गेली. आणि बंदूक अगदीच निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. पाळून सोडलेल्या लाल पायांच्या तित्तिरांवर गोळीबार होताना त्यांच्यात मिसळलेले उरलेसुरले करडेही पडतात. शंभरांतले वीस गेले तर भरून येतात. दहांतले पाच गेले तर येत नाहीत.

वहीतला आकडा फसवतो तो इथेच. आज ब्रिटनमध्ये दर वर्षी काही कोटी फेझंट पक्षी पिंजऱ्यांत वाढवून शिकारीसाठी सोडले जातात. त्यामुळे फेझंटच्या शिकारीचा आकडा फुगत गेला, आणि त्याच शेतांतला रानचा तित्तिर नाहीसा होत होता. मेलेला पक्षी कुठून आला हे विचारल्याशिवाय शिकारीचा आलेख वाचूच नये.

आपल्याकडेही अशी एक नोंद आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड या लष्करी अधिकाऱ्याने 1809 ते 1829 या काळात अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात 961 माळढोक मारले. वाचून संताप येतो. पण एका माणसाला एका जिल्ह्यात एवढे माळढोक सापडत होते, हेही त्या आकड्यातूनच कळतं. 1972च्या कायद्याने माळढोकाला पूर्ण संरक्षण मिळालं. 1979मध्ये सोलापूर-नगर पट्ट्यात 8 हजार चौरस किलोमीटरहून मोठं अभयारण्य जाहीर झालं. पुढे ते बरंच कमी केलं गेलं. दरम्यान माळावर पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. बंदुका थंडावल्या तरी माळढोक परतला नाही. आज राज्यात तो दिसलाच तर बातमी होते.

बंदी चुकली असा याचा अर्थ मुळीच नाही. ती हवीच. पण शिकार थांबल्यावर आपण काम संपलं असं मानलं. तित्तिर, लावे, चंडोल यांची मोजदाद आपल्याकडे दशकानुदशकं झाली नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या 2023च्या अहवालाने सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून ती उणीव काहीशी भरून काढली. दीर्घकालीन कल ठरवता आला अशा 338 जातींपैकी 60 टक्के घटलेल्या निघाल्या, आणि गवताळ माळांवरच्या पक्ष्यांची घसरण सर्वांत तीव्र.

ब्रिटनमध्ये तित्तिराच्या घसरणीवर एक साधा उपाय निघाला. शेताच्या कडेचा काही मीटर पट्टा फवारणीतून वगळायचा आणि मधे गवताचे बांध राखायचे. ससेक्समध्ये ड्यूक ऑफ नॉर्फोक यांच्या जमिनीवर 2003नंतर याच वाटेने, भक्षकांचा बंदोबस्त आणि बाहेरून आणलेल्या काही पक्ष्यांच्या जोडीने, बोटांवर मोजण्याइतक्या जोड्यांच्या शेकडो झाल्या. तुमची शेती असेल तर या रब्बीला एवढंच करा: बांधावर तणनाशक मारू नका आणि तिथलं गवत पेटवू नका. तित्तिराची पिल्लं दिसली, तर किती दिसली ते तारखेनिशी लिहून ठेवा.