बांधावरची पांढरफळी

दिवाळीत मिरजगावला आत्याकडे गेलो होतो. नगर-सोलापूर रस्त्यावरचे हे कर्जत तालुक्यातले गाव. पाऊस बेताचा, माळ मुरमाड. आत्याच्या शेताच्या बांधावर काटेरी झुडपे माजली होती. दुसऱ्या दिवशी गडी ती तोडणार होता. एका झुडपाला मोत्यांसारखी पांढरी फळे लगडलेली पाहून पुतण्याने विचारले, "काका, हे काय?"

"करवंदं!" मी ठोकून दिले. करवंदाला इंग्रजीत 'बेंगाल करंट' म्हणतात, ही माहितीही वर पुरवली.

आत्या हसली. "आरं, करवंदं दिवाळीत कुठली? ती उन्हाळ्यात पिकत्यात. पान तोडून बघ."

पान तोडले. चीक नाही! करवंद हे कण्हेर-रुईच्या कुळातले. पान तोडले की पांढरा चीक यायलाच हवा. त्याची पाने समोरासमोर, काटे जोडीने आणि फूल जाईसारखे पांढरे, सुवासिक. इथे पाने एकाआड एक होती आणि फांद्यांची टोकेच काटे झाली होती.

"पांढरफळी हाय ही," आत्या म्हणाली. "गुरं राखताना आम्ही मूठमूठ खायचो."

मग कुठे पुतण्याला एक पिकले फळ मिळाले. ओळख पटल्याशिवाय रानातले फळ तोंडात घालायचे नाही, हेही त्याला बजावले.

शेजारी तसेच दुसरे झुडूप होते. पण फळ एकही नाही. गडी म्हणाला, "हे वांझ दिसतंय. ह्येच आधी काढू."

रात्री पुस्तक उघडले. पांढरफळी म्हणजे फ्लुएजिया ल्यूकोपायरस, आपल्या आवळ्याच्या कुळातली. फुले हिरवट-पिवळसर, इतकी बारीक की लक्षातही येऊ नयेत. आणि महत्त्वाचे म्हणजे नरफुले एका झुडपावर, मादीफुले दुसऱ्यावर! गडी ज्याला वांझ म्हणाला, ते नर असणार. आसपास नर झुडूपच उरले नाही, तर मादीला फळ धरायचे कसे?

सकाळी आत्याला सांगितले. ती म्हणाली, "त्यात काय नवल? पपईत नसतो व्हय नर?"

पुतण्याने त्या बिनफळाच्या झुडपाला लाल चिंधी बांधली. गड्याने बाकीचा बांध साफ केला. ती दोन्ही झुडपे मात्र राहिली. तुमच्याही बांधावर असे एखादे 'वांझ' झुडूप असेल, तर कोयता लावण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे नाव जरूर विचारा.