गोळीची किंमत कोण ठरवतं? पेटंट कायदा आणि आपलं घर

घरात कुणाला मोठा आजार निघाला की पहिला प्रश्न असतो, इलाज कुठे करायचा? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, खर्च किती येईल? औषधाची किंमत आपण मेडिकलवाल्याला विचारतो, पण त्या बिचाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं. नव्या, महागड्या औषधांची किंमत बऱ्याचदा पेटंट कार्यालयातल्या एका निर्णयावर अवलंबून असते. त्या निर्णयावर आपल्यासारख्या साध्या माणसालाही हरकत घेता येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

पेटंट म्हणजे काय?

कुणी नवं औषध शोधलं की सरकार त्याला २० वर्षांचा हक्क देतं. तेवढ्या काळात त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला ते बनवता किंवा विकता येत नाही. संशोधनाला पैसा आणि मेहनत लागते, त्याचा मोबदला मिळावा हा त्यामागचा हेतू. यात गैर काही नाही. पण बाजारात विकणारा एकच असेल तर भाव तोच ठरवतो आणि गरीब रुग्ण बाहेर राहतो.

आपल्या देशाने यावर १९७० साली उपाय काढला. त्या वर्षीच्या कायद्यात औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळत असे. म्हणजे दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला भारतीय कंपन्या मोकळ्या होत्या. यातूनच आपला स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला.

त्याचा फायदा साऱ्या जगाला झाला. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला कंपनी सुरू केली. २००१ साली त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधं एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. तेव्हा याच उपचाराला १० हजार डॉलरहून जास्त खर्च येत होता आणि आफ्रिकेत लाखो माणसं औषधाविना मरत होती. भाव उतरल्यावरच तिथे मोठ्या प्रमाणावर इलाज सुरू होऊ शकला.

२००५ चा बदल आणि एक छोटं कलम

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली भारताला कायदा बदलावा लागला आणि औषधावर थेट २० वर्षांचं पेटंट सुरू झालं. पण संसदेने त्याच वेळी कायद्यात कलम ३(डी) घातलं. त्याचा अर्थ सोपा आहे: जुन्याच औषधाचं रूप थोडं बदललं, पण गुण वाढला नाही, तर नवं पेटंट मिळणार नाही.

याची गरज का पडली? अनेक कंपन्या पेटंट संपत आलं की त्याच औषधाचा नवा क्षार किंवा नवं रूप दाखवून आणखी काही वर्षं पदरात पाडून घेतात. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाचा खटला यावरूनच झाला. नोव्हार्टिस कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये होता. भारतीय कंपन्यांचं तेच औषध दहा हजारांच्या आसपास मिळत होतं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला.

दोन मुलींची हरकत

सगळ्यात जवळचं उदाहरण टीबीचं आहे. मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत औषधांना दाद न देणारा टीबी किती घरांत शिरलाय, हे आपण पाहतोच. पूर्वी या रुग्णांना महिनोन् महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्यातून काहींची श्रवणशक्ती कायमची जाई. बेडाक्विलिन या गोळीमुळे इंजेक्शनाशिवाय इलाज शक्य झाला.

या गोळीचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने मात्र तिच्या एका क्षाराच्या रूपावर वेगळं पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत चालली असती. मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले यांनी २०१९ साली त्यावर हरकत घेतली. दोघीही टीबीतून वाचलेल्या, आणि दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या औषधांनी हिरावलेली. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज नाकारला.

त्याच वर्षी भारतीय कंपनीची गोळी आंतरराष्ट्रीय खरेदीत उतरली. गरीब देशांसाठी सहा महिन्यांच्या गोळ्यांचा दर ऑगस्टमध्ये १३० डॉलरवर आला. जगभरच्या रुग्ण-संघटनांनी लावलेला रेटाही यामागे होता.

कुणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात टीबीचं औषध तर मोफतच मिळतं, मग आपल्याला काय फरक पडतो? फरक पडतो. ती गोळी सरकार विकत घेतं. दर निम्मा झाला तर त्याच पैशात दुप्पट रुग्णांना गोळी पोहोचते.

आता काय बदललं?

पेटंट मिळण्याआधी हरकत घेण्याचा हक्क कायद्याने कुणालाही दिला आहे. त्यासाठी कंपनी किंवा डॉक्टर असावं लागत नाही. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी मात्र ही वाट थोडी अवघड केली. पूर्वी ही हरकत विनाशुल्क होती, आता फी भरावी लागते. हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही, हेही अधिकारी आधी ठरवतो. खोट्या हरकतींनी काम रखडतं, असं सरकारचं म्हणणं आहे. त्यात तथ्य असेलही, पण नंदिता आणि फुमेझासारख्या रुग्णांना दार बंद होता कामा नये, असं आम्हाला वाटतं.

आपण काय करू शकतो? महागडं औषध लिहून दिलं तर डॉक्टरांना विचारा, याचं जेनेरिक मिळतं का? जनऔषधी केंद्रात चौकशी करा. टीबीचा संशय असेल तर आधी सरकारी दवाखाना गाठा. आणि घरातली मुलं कायदा किंवा फार्मसी शिकत असतील, तर त्यांना हा विषय जरूर सांगा. पुढची हरकत लिहायला असा कायदा कळणारी माणसं लागतील, आणि ती आपल्याही घरांतून यायला हवीत.