कर्करोगग्रस्त बालकाचे कुटुंब : उपचाराचे एक दुर्लक्षित अंग

१९४८ साली बॉस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी तीव्र रक्तकर्काने पीडित असलेल्या बालकांवर ॲमिनोप्टेरिन या द्रव्याचा प्रयोग करून रोग काही काळ तरी मागे हटतो असे दाखविले. ज्या औषधशाळेतून हे द्रव्य आले तेथील संशोधनाची धुरा आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती, हे आपल्या वाचकांस विदित असेलच. बालकर्करोगाच्या रसायनोपचाराचा इतिहास येथून सुरू होतो असे सामान्यतः मानले जाते. परंतु फार्बर यांनी याच्या जोडीला आणखी एक विचार मांडला होता, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. रुग्ण बालक व त्याचे कुटुंब हे उपचाराचे एकच एकक समजावे. औषध, आहार, समुपदेशन व सामाजिक साहाय्य या सर्व गोष्टी एकाच छताखाली, एकाच चमूकडून मिळाव्यात, असा तो विचार होय. त्यास त्यांनी ‘संपूर्ण शुश्रूषा’ अशा अर्थाचे नाव दिले. पहिला विचार जगभरच्या रुग्णालयांनी लवकरच उचलला. दुसऱ्यास मात्र पुष्कळ ठिकाणी दयाधर्माच्या सदरात टाकण्यात आले. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या विचाराचा, मुख्यतः मुंबईतील परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरातील अनुभवाच्या आधारे, परामर्श घ्यावयाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ४ लाख बालके व किशोरवयीन मुले कर्करोगग्रस्त होतात. संपन्न देशांत यांपैकी शेकडा ८० हून अधिक मुले बरी होतात. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण शेकडा ३० च्याही खाली आहे. २०१८ साली संघटनेने जो जागतिक उपक्रम आरंभिला, त्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंत हे प्रमाण जगभर निदान शेकडा ६० पर्यंत न्यावे असे आहे. एवढी मोठी तफावत कशाने पडते? रोगनिदानास होणारा विलंब, औषधांची व तज्ज्ञांची वाण, उपचारांमुळे ओढवणारे जंतुसंसर्ग, ही कारणे सर्वपरिचित आहेत. परंतु यांच्या बरोबरीने उभे राहणारे एक कारण असे आहे की जे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. बरा होऊ शकणारा रोग असलेले मूल उपचार अर्धवट टाकून घरी नेले जाते, अथवा निदान झाल्यावर उपचारास आरंभच होत नाही.

या घटनेस वैद्यकीय लेखनात ‘उपचारत्याग’ अशी संज्ञा रूढ आहे. बालकर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासगटाने तिची व्याख्या केली ती अशी : रोग बरा करण्याच्या हेतूने योजलेले उपचार सुरूच न करणे, किंवा सलग चार आठवडे अथवा अधिक काळ ते चुकविणे. मोजणीसाठी ही व्याख्या उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र ‘त्याग’ या शब्दात कर्ता कुटुंब असते आणि दोषही त्याच्याच पदरी पडतो, ही गोष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. ज्या बापाने एक बैल, मग दुसरा बैल आणि शेवटी जमीन गहाण टाकून नऊ महिने औषधोपचार चालविला व दहाव्या महिन्यास जो गावी परतला, त्याने उपचारांचा त्याग केला की उपचारांनी त्याचा, हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नव्हे. उत्तर ज्या बाजूने द्यावे त्या बाजूने उपाययोजनाही ठरते.

उपचार कोणत्या टप्प्यावर सुटतात हे पाहिल्यास कारणांचा काहीसा उलगडा होतो. लसिकापेशींच्या तीव्र रक्तकर्काचे उदाहरण घेऊ. बालकांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच. पहिल्या सुमारे महिनाभराच्या उपचारांनी दहांपैकी नऊंहून अधिक मुलांच्या रक्तातून व अस्थिमज्जेतून रोगपेशी दिसेनाशा होतात. ताप जातो, अंगावरचे डाग मावळतात, मूल खेळू लागते. आईबापांच्या दृष्टीने रोग बरा झालेला असतो. वैद्य मात्र सांगतो की अजून दोन-अडीच वर्षे औषध चालले पाहिजे. कारण सूक्ष्मदर्शकास न दिसणाऱ्या पेशी शरीरात दडून असतात व औषध थांबताच त्या पुन्हा वाढतात. यापुढील काही महिन्यांत जी तीव्र औषधे दिली जातात, त्यांनी हसत्याखेळत्या मुलाचे केस गळतात, तोंड येते, उलट्या होतात. म्हणजे रोगाने मूल बरे दिसते आणि औषधाने आजारी दिसते! आपल्या लोकांच्या व्यवहारबुद्धीस हे विपरीतच वाटणार. त्यात पेरणीचे दिवस आले, गावी ठेवलेल्या धाकट्याचे दुखणे निघाले, मुकादमाने कामावरून कमी करण्याची धमकी दिली, की निर्णय होऊन जातो. अज्ञान हे कारण येथे अंशतःच खरे आहे. स्पष्टीकरण देणाऱ्याने ते कोणत्या भाषेत, किती वेळ काढून आणि घरातील कोणास उद्देशून दिले, हेही तितकेच महत्त्वाचे ठरते. पुष्कळदा रुग्णालयात आई बसलेली असते व निर्णय गावाकडचे आजोबा किंवा थोरले काका घेतात.

आता निवासाचा प्रश्न. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याच्या व्यवस्थेखाली आहे. तेथील बालविभागाकडे दरवर्षी हजाराहून अधिक नवी बालके येतात. यांत महाराष्ट्राच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतली मुले तर असतातच. पण उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल येथूनही कुटुंबे येतात. मुंबईत खोली भाड्याने घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. जेरबाई वाडिया मार्गाच्या पदपथावर पथारी पसरून राहिलेली कुटुंबे हे दृश्य परळच्या रहिवाशांच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याची वेदना बोथट झाली आहे. वस्तुतः हा केवळ निवाऱ्याचा प्रश्न नाही. रसायनोपचारानंतर काही दिवस पांढऱ्या पेशी अत्यंत घटतात. अशा वेळी ताप आल्यास तासाभरात प्रतिजैविक शिरेतून सुरू व्हावे लागते. पदपथावर राहणाऱ्या मुलास संसर्गही लवकर होतो, आणि गावी परतलेले मूल त्या तासाभरात कोठेच पोहोचू शकत नाही. यास्तव रुग्णालयाजवळची स्वच्छ खोली ही औषधाच्या कुपीइतकीच उपचाराची सामग्री होय.

या संदर्भात धर्मशाळा या आपल्या जुन्या संस्थेचा उल्लेख अपरिहार्य आहे. संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु १९५४ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधविली, ही घटना सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तीर्थक्षेत्रीच्या यात्रेकरूप्रमाणेच रुग्णालयाच्या दारी आलेला नातेवाईक हाही प्रवासीच आहे, ही ओळख त्यामागे आहे. त्यांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा आज मुख्यतः परळच्या कर्करोगग्रस्तांचाच आधार बनली आहे. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘सेंट ज्यूड इंडिया’ या संस्थेने हीच कल्पना केवळ बालरुग्णांपुरती घेऊन पुढे नेली. प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र जागा, सामाईक स्वयंपाकघरात स्वतःची शेगडी, शिधा, रुग्णालयापर्यंत वाहन, मुलांचे शिक्षण व समुपदेशन, हे सर्व तेथे विनामूल्य मिळते. स्वतःची शेगडी ही बाब किरकोळ वाटेल; पण तोंडाची चव गेलेले मूल आईच्या हातचा वरणभात खाते आणि बाहेरचे अन्न दूर सारते, हे ज्याने पाहिले आहे त्यास तिचे महत्त्व सांगावयास नको. कुपोषित बालकास औषधांची पूर्ण मात्रा सोसवत नाही. म्हणूनच २०१३ साली स्थापन झालेल्या ‘कडल्स फाउंडेशन’ने रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नेमून देण्याचे जे काम हाती घेतले, ते उपचाराचाच भाग समजले पाहिजे.

द्रव्यसाहाय्याविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ साली तिचे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामांतर झाले. २०१८ पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना आहे. रेल्वेने उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्यास शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत संपूर्ण आणि सोबत्यास शेकडा ७५ सवलत दिलेली आहे. या योजनांनी औषधांचा भार पुष्कळ हलका केला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेच्या तक्त्यात बसत नाही, आणि शिधापत्रिकेवरील नाव व आधारपत्रावरील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला की बाप आठवडाभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहतो.

अशा वेळी कुटुंब व व्यवस्था यांच्यामध्ये उभे राहणारे माणूस म्हणजे वैद्यकीय समाजसेवक. बॉस्टन येथे डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली या कामाची सुरुवात केली. भारतात असा पहिला समाजसेवक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला. १९३६ साली स्थापन झालेल्या व पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यालयाचा प्रभाव त्यामागे होता. आठ दशकांनंतरही अनेक रुग्णालयांत समाजसेवक म्हणजे सवलतीच्या कागदावर सही करणारा कारकून, अशीच समजूत दिसते. टाटा रुग्णालयाच्या बालविभागाने २०१० च्या सुमारास ‘इम्पॅक्ट फाउंडेशन’च्या द्वारे या कामाची पुनर्रचना केली. निदान होताच कुटुंबाची सामाजिक पाहणी, द्रव्य, निवास व आहार यांची एकत्रित तजवीज, आणि ठरल्या दिवशी मूल न आल्यास दूरध्वनीने पाठपुरावा, असे तिचे स्वरूप आहे. २००९ च्या सुमारास तेथे शेकडा वीसच्या आसपास असलेले उपचारत्यागाचे प्रमाण पुढील काही वर्षांत शेकडा पाचच्या आसपास आले. औषधे या काळात फारशी बदलली नव्हती. यातील कोणत्या एका घटकाने किती परिणाम साधला हे वेगळे काढणे अवघड आहे, आणि मला तर ते काढण्याचा हट्टही फारसा सयुक्तिक वाटत नाही. खोली मिळाली पण शिधा नाही, अशा स्थितीत खोलीचाही परिणाम मोजता येणार नाही.

मुलास रोगाविषयी सांगावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे सहसा ‘नाही’ असे म्हणून मिटविला जातो. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील एका रुग्णालयात रक्तकर्कग्रस्त लहान मुलांमध्ये राहून केलेला अभ्यास १९७८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कोणी काही सांगितले नसतानाही तीन ते नऊ वर्षांच्या या मुलांना प्रथम आपण फार आजारी आहोत, मग औषधांची नावे व परिणाम, मग रोग उलटण्याचे चक्र, आणि शेवटी आपले मरण, हे सारे क्रमाक्रमाने कळत जाते, असे तिने दाखविले. ही माहिती ती एकमेकांकडून मिळवितात; शेजारच्या खाटेवरचे मूल दिसेनासे झाले की त्यास कोणते औषध चालू होते हे त्यांच्या ध्यानी असते. आणि आईबापांना दुःख होऊ नये म्हणून, आपणांस काही ठाऊक नाही असे सोंगही तीच वठवितात. मोठ्या माणसांचे मौन मुलाचे रक्षण करीत नाही. उलट मुलासच मोठ्यांचे रक्षण करावयास लावते.

कुटुंबातील इतर सदस्यांकडे पाहिले असता आणखी काही गोष्टी नजरेस येतात. आपल्या रुग्णालयांतील नोंदींत मुलांच्या मानाने मुली जितक्या कमी दिसतात, तितक्या त्या केवळ जीवशास्त्रीय कारणांनी कमी असू शकत नाहीत. काही मुली रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. मुंबईस आलेल्या आईची दुसरी मुले गावी आजीकडे अथवा आत्याकडे राहतात, त्यांची शाळा सुटते, आणि दीड-दोन वर्षांनी परतलेल्या आईस धाकटे मूल ओळखेनासे होते. या भावंडांची नोंद कोणत्याच रुग्णालयाच्या कागदपत्रांत नसते. २०१५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी बालकर्करोगातील मनोसामाजिक शुश्रूषेची जी पंधरा मानके प्रसिद्ध केली, त्यांत भावंडांच्या आधारास व अपत्यवियोग झालेल्या पालकांच्या पाठपुराव्यास स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

बऱ्या झालेल्या मुलांसाठी परळ येथे १९९१ पासून उपचारोत्तर तपासणीचे स्वतंत्र केंद्र आहे, तर २००९ पासून भारतीय कर्करोग संस्थेच्या छत्राखाली ‘उगम’ हा बऱ्या झालेल्यांचाच गट काम करतो. नवे निदान झालेल्या मुलाच्या आईस वैद्याच्या तासभराच्या स्पष्टीकरणाहून या गटातील एखाद्या धडधाकट तरुणाचे दर्शन अधिक पटते. परंतु ज्यांचे मूल गेले, त्यांचा रुग्णालयाशी असलेला संबंध बहुधा त्याच दिवशी तुटतो. निवासाची जागा दुसऱ्या कुटुंबास द्यावी लागते, दूरध्वनी थांबतो, दोन वर्षे एकाच स्वयंपाकघरात वावरलेल्या बायका पांगतात. गावी परतल्यावर या पालकांचे काय होते, कर्ज कसे फिटते, आईस दोष दिला जातो काय, भावंडे पुन्हा शाळेत जातात काय, यांविषयी मराठी प्रदेशातून क्षेत्रीय अभ्यास होणे निकडीचे आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यास हे काम एका जिल्ह्यापुरते हाती घेता येईल. मात्र मृत्यूनंतर निदान सहा महिने लोटल्यावाचून, आणि कुटुंबाच्या ओळखीचा समाजसेवक सोबत असल्यावाचून, त्याने कोणाच्याही दारी जाऊ नये.