शटर वर जाईना, तेव्हा

महाडच्या बाजारपेठेत काय किंवा पोलादपुरात महामार्गालगतच्या गाळ्यांत काय, दुकान, गॅरेज, गोदाम बंद करायचे म्हणजे लोखंडी शटर खाली ओढायचे. सकाळी ते वर जाईना झाले की उपायही ठरलेले असतात. शेजारचा एखादा माणूस हाताला घ्यायचा, दोघांनी मिळून हिसके द्यायचे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर पहार किंवा कटर मागवायचा. हा क्रम उलटा आहे, असे माझे ठाम मत आहे. अडलेले शटर आपण कुठे आणि का अडलो हे स्वतःच दाखवत असते. ते पाहण्याआधी लावलेला जोर साध्या बिघाडाचा मोठा बिघाड करतो, आणि कधी माणसाच्या जिवावर बेततो. पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या आणि पुराची सवय असलेल्या या तालुक्यांत तर हे प्रत्येक गाळेधारकाला ठाऊक असायला हवे.

आधी शटर वर जाते कसे ते पाहू. दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच शटरच्या पट्ट्यांचे वजन सहज ८० ते १०० किलोपर्यंत जाते. तरीही एकटा माणूस ते उचलतो, कारण खरे वजन वरच्या पाइपवर बसवलेल्या स्प्रिंगा पेलतात. शटर खाली ओढताना त्या आवळल्या जातात आणि वर ढकलताना सैल होत मदत करतात. म्हणूनच चांगले शटर अर्ध्यावर सोडले तरी जागीच थांबते. आपोआप खाली घसरले तर स्प्रिंग ढिली झाली, हातातून वर पळाले तर ती जास्त आवळली गेली, असे समजावे. यातून एक गोष्ट निघते, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शटर पूर्ण बंद असते तेव्हाच स्प्रिंगांमध्ये सगळ्यात जास्त ताण साठलेला असतो. बंद शटरच्या पट्ट्या कटरने मधोमध कापल्या, तर खालचे वजन एकाएकी सुटते आणि वरचा भाग फिरकत वर जातो. पाइपचे ब्रॅकेट सैल केले तर तोच ताण पाना धरलेल्या हातावर येतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘किती जोर लावू?’ असा नसावा, ‘अडते कुठे?’ असा असावा. शटर केसभरही हलत नसेल तर दोष बहुधा खालीच असतो. दोन्ही बाजूंची कुलपे सुटली आहेत का, आतली कडी लागलेली नाही ना, खालची पट्टी चिखलात रुतली आहे का, हे आधी पाहावे. एक बाजू बोटभर उचलून थांबत असेल, तर बाजूच्या चॅनेलमध्ये खडा किंवा गाळ अडकला आहे, चॅनेल दबले आहे, नाहीतर एखादी पट्टी सरकून त्याला घासते आहे. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात पण शटर नेहमीपेक्षा फारच जड लागते, तेव्हा संशय स्प्रिंगवर घ्यावा. खालून मोकळे सुटून वर जाऊन अडकत असेल, तर वाकलेली पट्टी गुंडाळीत नीट बसत नाही. मोटरचे शटर असेल तर कान द्यावा. गुणगुण येते पण हालचाल नाही, तर मोटरला भार उचलता येत नाही. आवाजच नसेल तर वीज, स्विच आणि वायर आधी तपासावी. एवढी पाहणी पाच मिनिटांत होते आणि त्यासाठी एकही हत्यार लागत नाही.

महाडला ही पाहणी इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर सावित्रीच्या पाण्यात आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेला पाऊस पोलादपूरवरून उतरून महाडकडे येतो, या परिसरात काळ आणि गांधारी नद्या सावित्रीला मिळतात, आणि बाणकोटच्या खाडीला भरती असेल तर पुढे जाणारे पाणी तुंबते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलीमीटर पाऊस झाला आणि २२ जुलैला महाड पाण्यात गेले. पाणी चढताना बंद शटरच्या बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर राहते. हा फरक एक मीटर असेल, तर तीन मीटर रुंद शटरवर सुमारे दीड टनाचा दाब पडतो. फरक दोन मीटर झाला की तोच दाब सहा टनांवर जातो. पट्ट्या वाकतात आणि चॅनेलमधून निसटतात. आत तरंगलेली मांडणी, फ्रीज, फुगलेली धान्याची पोती पाणी उतरताना शटरला टेकून बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला शटर गंजले असे वाटते, पण ते आतल्या मालाने दाबून धरलेले असते. अशा वेळी हिसका देऊन ते उघडले, तर तो माल उघडणाऱ्याच्याच अंगावर येतो. शटरच्या फटींतून अजून पाणी झिरपत असेल तर आत पाणी साठलेले आहे हे ओळखावे आणि ते निचरू द्यावे.

पूर ओसरल्यावर कामाचा क्रम ठरलेला असावा. लोखंडी शटरला हात लावण्याआधी गाळ्याची वीज बाहेरून तोडावी, मीटरपेटी भिजली असेल तर वीज कर्मचाऱ्याकडून, कारण भिजलेल्या वायरमुळे सगळे शटरच करंट मारू शकते. नुकसानीचा पंचनामा व्हायचा असेल तर काही हलवण्याआधी फोटो काढावेत. मग खालचा गाळ खरवडून काढावा आणि चॅनेल स्वच्छ पाण्याने वरून खाली धुवावे. ओल्या गाळात ग्रीस भरले तर वाळू त्यातच बसते आणि लोखंड घासत राहते. म्हणून आधी धुणे, मग वाळवणे आणि शेवटी तेल. कुलपातही तसेच करावे. आतला गाळ सिरिंजने पाणी मारून काढावा, पातळ मशीन तेलाचे थेंब सोडावेत, आणि चावी हलक्या हाताने पुढे-मागे फिरवावी. चावी कुलपात तुटली तर अर्ध्या तासाचे काम अर्ध्या दिवसावर जाते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे सगळे मिस्त्रीचे काम, दुकानदाराने कशाला शिकायचे? दुरुस्ती मिस्त्रीचीच, यात दुमत नाही. स्प्रिंग, पाइप, ब्रॅकेट यांना घरच्या माणसाने हात लावूच नये. पण पूर सगळ्या बाजारात एकाच दिवशी येतो आणि मिस्त्री मोजकेच असतात. कोणाचे शटर केवळ गाळाने अडले आहे आणि कोणाची स्प्रिंग तुटली आहे, हे मालकालाच सांगता आले तर मिस्त्रीचा वेळ जिथे खरी गरज आहे तिथे जातो. दुसरा आक्षेप असा की मोटरचे नवे शटर बसवले म्हणजे प्रश्नच मिटला. मोटरने श्रम वाचतात हे खरे, पण पुरात सगळ्यात आधी जाते ती वीज. हाताने उघडायची साखळी किंवा हँडल नसेल, असून कुणाला वापरता येत नसेल, तर हे शटर जुन्याहून जास्त अडते. तिसरे म्हणणे वेळेचे. घाईच्या प्रसंगी पाहणी करत कोण बसणार? आत माणूस अडकला असेल तर अर्थातच मिळेल त्या वाटेने, पण जाणत्या हाताने, वाट काढावी लागेल. मात्र अशी घाई टाळण्याचाच मार्ग आपल्या हातात आहे. पाणी वाढते आहे असे कळल्यावर दुकानदाराला माल पोटमाळ्यावर चढवायला थोडेच तास मिळतात, आणि त्या रात्री उघडायला नको म्हणणारे शटर महिनोन्‌महिने आधीपासून जड झालेले असते.

त्यामुळे शटरची तपासणी आगोटीच्या कामांत धरावी, असा माझा आग्रह आहे. कौले चाळली जातात, पागोळ्यांची पन्हळे साफ होतात, त्याच मे महिन्यात शटर अर्ध्यावर थांबते का ते पाहावे, चॅनेल पुसून घ्यावे, खालच्या पट्टीचा गंज खरवडून रंग द्यावा, मोटर असेल तर वीज बंद करून साखळीने एकदा उघडून पाहावे. व्यापारी मंडळींनी मिस्त्रीला एकत्र बोलावले तर एका दिवसात आळीतली कितीतरी शटरे तपासून होतील आणि खर्चही वाटला जाईल. सावित्रीला पूर येणे आपल्या हातात नाही. पुराच्या रात्री आपले शटर उघडेल याची तजवीज मात्र नक्की आहे.