गाडी कोणाला आवडली नाही, हे आधी विचारा

परवाच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेला मुद्दा इथे लिहितोय. विषय गाडीचा आहे, पण तुम्ही लोणचं विकत असाल किंवा बांबूच्या वस्तू, शेवटपर्यंत वाचा.

चंद्रपूरच्या बॅचमध्ये मी महिंद्राच्या बीई ६ या इलेक्ट्रिक एसयूव्हीचा फोटो पडद्यावर लावला आणि विचारलं, कशी वाटते? धारदार कडा, उतरतं छत, आत लढाऊ विमानासारखी ड्रायव्हरची जागा. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे तर लहान पोराचं खेळणं दिसते." दुसरा म्हणाला, "आपल्या रस्त्याले बोलेरोच बरी राहते." दोन-तीन पोरं मात्र मोबाइल काढून फोटोचा फोटो घेत होती. मग मी दुसरा प्रश्न टाकला: येत्या वर्षभरात पंचवीस लाखांची गाडी कोण घेणार आहे? एकही हात वर नाही!

आता या गाडीची हकिकत बघा. २६ नोव्हेंबर २०२४ ला चेन्नईत कंपनीने दोन इलेक्ट्रिक गाड्या एकदम आणल्या, बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई. दोन्ही आपल्या पुण्याजवळच्या चाकणला तयार होतात. किंमत सुरू १८.९० लाख आणि २१.९० लाखांपासून. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, भारतीय कंपनीने असं काही बनवलं यावर विश्वास बसत नाही. दुसरा म्हणे, अति केलंय, दोन वर्षांत जुनं वाटेल. काहींची तक्रार वेगळी होती: बीई ६ मध्ये मागच्या सीटवर बसलं की खिडक्या लहान वाटतात, कोंदटल्यासारखं होतं.

या दोन तक्रारी एकाच पोत्यात भरू नका. "मला आवडलं नाही" ही चव झाली. "मागे बसून कोंदटतं" हा वापर झाला. चवीवर वाद घालत बसाल तर दुकान उघडणारच नाही. वापराची तक्रार मात्र वहीत लिहून ठेवायची, तारखेसकट.

१४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं. कंपनीने जाहीर केलं, पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या, एक्स-शोरूम किमतीने ८,४७२ कोटी रुपयांच्या. भागाकार करून बघा, गाडीमागे साधारण २८ लाख येतात. म्हणजे बुकिंग करणाऱ्या बहुतेकांनी स्वस्तातलं नाही, वरचं मॉडेल मागितलं. (बुकिंग म्हणजे विक्री नव्हे, हेही ध्यानात असू द्या. टोकन भरणारा माणूस मागे फिरू शकतो. तुमच्या "घेतो ना ताई, नक्की घेतो" वाल्या गिऱ्हाइकाला हाच नियम लावा.)

बदल काय केला? नाव. इंडिगो विमान कंपनीचा कोड ६ई, ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये महिंद्राने "बीई ६ई" चं "बीई ६" केलं. लढाई पुढे चालू ठेवू असं म्हणाले, पण गाडी अडकू दिली नाही. नाव सोडलं, कडा नाही सोडल्या. तुम्ही ब्रँडचं नाव छापायच्या आधी ट्रेडमार्क तपासता का? खरं सांगा.

आणि ज्यांना मागे ऐसपैस जागा, सरळ उभं छत पाहिजे होतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये सात सीटची एक्सईव्ही ९एस आली. ती टीका ऐकून घाईत काढलेली नाही. १५ ऑगस्ट २०२२ ला इंग्लंडमध्ये कंपनीने पाच इलेक्ट्रिक गाड्यांचे नमुने दाखवले होते, त्यातच उतरत्या छताच्याही होत्या आणि उभ्या छताच्याही. एका गाडीला सगळ्यांची मनं सांभाळायला लावलं नाही.

आता माझीच चूक सांगतो. मूल तालुक्यातली एक ताई माझ्या बॅचला होती. बांबूच्या कमच्यांचे लॅम्प करायची, त्यातला एक मुद्दाम एका बाजूला झुकलेला, वाऱ्याने वाकलेल्या बांबूसारखा. घरचे म्हणाले, "वाकडा झाला का?" सासूबाई म्हणाल्या, सुपं विक, चार पैसे येतील. आणि मी, मोठा ट्रेनर, मीही म्हणालो, ताई, सरळ करा, लोकांना पटत नाही. तिने बचत गटाचं कर्ज घेऊन चाळीस सरळ लॅम्प केले. अकरा विकले गेले. बाकीचे घरात पडले, हप्ता मात्र दर महिन्याला.

आमच्यातला कोणीही चौदाशे रुपयांचा लॅम्प विकत घेणारा नव्हता. घेणारे मोहर्लीकडे, ताडोबाच्या गेटजवळच्या रिसॉर्टमध्ये उतरतात. तिथे तिने धाडस करून जुना झुकलेला लॅम्प नेला. मॅनेजरने आठवडाभर ठेवून घेतला आणि फोन केला. मी म्हटलं, झालं, परत पाठवणार. तो म्हणाला, "ताई, पाहुणे फोटो काढतात त्याचा, पण पंखा लावला की पडतो हो."

पंख्याची तक्रार वहीत गेली. बल्लारपूरच्या आरा गिरणीतून तिने सागाचे उरलेले तुकडे आणले, तळाला जड ठोकळा बसवला. त्याने लॅम्पचा खर्च साठ रुपयांनी वाढला, तो तिने किमतीत धरला. पहिली ऑर्डर आठ नगांची गेली. सरळवाले एकोणतीस लॅम्प अजून घरातच आहेत. त्यांच्या कमच्या सोडवून नवीन विणता येतील का, ते ती सध्या करून बघतेय.